नाशिकजवळ निसर्गचित्राला कुठे बसावं?

प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन नाशिकला आलेल्या आणि दोनेक वर्षं जलरंग शिकणाऱ्या एका ताईंना रविवारी बाहेर जाऊन रंगवण्यासारख्या जागा हव्या आहेत. हरिहर, सप्तशृंगी, गंगापूर धरण हे सगळं बघून झालं. फोटो सुरेख येतात, पण तिथं बसून केलेलं चित्र सपाट होतं. प्रेरणा देईल अशी जागाच सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

ताई, गडमाथ्यावर चित्र फसलं याचं नवल वाटून घेऊ नका. हरिहरच्या माथ्यावरून जे दिसतं ते सगळं खाली आणि लांब असतं. तुमच्या आणि क्षितिजाच्या मध्ये हाताशी काही नसतं, ना झाड, ना बांध, ना झोपडी. बघायला ते उत्तमच, कारण भन्नाट वारा, उंची आणि चढून आल्याचा आनंद मिळून ते दृश्य मोठं होतं. कागदावर यातलं काही उतरत नाही. उरतात एकावर एक ठेवलेल्या चार-पाच निळसर पट्ट्या. म्हणून गड चढायचा त्या दिवशी रंग घरी ठेवा आणि रंगवायचं त्या दिवशी गड चढू नका. पायथ्याच्या गावाबाहेर, शेताच्या कडेला थांबा.

हरिहरचंच बघा. निरगुडपाड्याच्या शेतांतून तो कातळाच्या त्रिकोणी ठोकळ्यासारखा उभा दिसतो. पुढे भाताची खाचरं, मध्ये झाडं आणि एखाद-दुसरं कौलारू घर, मागे तो ठोकळा. जवळचं, मधलं आणि लांबचं असे तीन थर आयते मिळतात. सप्तशृंगीला वर न जाता वणीच्या बाजूला थांबलात तर सप्तशृंगी आणि मार्कंड्या एका नजरेत येतात. धोडपची ती खाच पडलेली कातळभिंत मुंबई-आग्रा रस्त्यावर वडाळीभोईच्या आसपास आलं की ओळखू येते आणि तिथून आत वळून हट्टीच्या दिशेनं गेलात तर पुढे मांडायला शेतं, विहिरी, बाभळी सगळं आहे. नाशिकला डोंगरांना तोटा नाही. पुढचा आणि मधला थर कुठे मिळतो ते शोधायचं असतं आणि तो बहुतेक वेळा गावाच्या वेशीपाशी, ओढ्याच्या काठी किंवा रस्त्याच्या वळणावर मिळतो.

फोटो चांगला आणि चित्र वाईट, याला आणखी एक साधं कारण आहे. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते. ती डोंगर लहान करते आणि आकाश व जमीन भरपूर देते. फोटोत त्या रुंदीची मौज वाटते, पण आपलं मन डोंगराला बरंच मोठं मानत असतं. तुम्ही फोटोच्या सवयीनं कंपोझिशन लावलीत की डोंगर कागदाच्या मध्यावर एखाद्या बोटभर उंचीचा होऊन बसतो. जागा बघताना मोबाईल दुप्पट झूमवर ठेवून बघा, किंवा त्याहून बरं म्हणजे पुठ्ठ्याची खिडकी कापा. तुमच्या कागदाचं जे प्रमाण असेल त्याच प्रमाणाची खिडकी हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही. डोळ्यापासून जवळ-लांब करत ती फिरवली की काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते दोन मिनिटांत कळतं.

डोंगरांविषयी एक गोष्ट माहीत असली तर रेखाटन सुधारतं. आपले सगळे डोंगर बेसाल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेले. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा झिजून उतार होतो, त्यावर गवत-झुडपं येतात. म्हणून कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा पायऱ्या सगळीकडे दिसतात आणि त्या जवळपास आडव्या असतात. शेजारच्या दोन डोंगरांत दरी असली तरी एकाचा थर दुसऱ्यावर त्याच उंचीला पुढे चालू राहतो. ही आडवी रेघ दोन्ही डोंगरांवर सारखी पकडली की डोंगर जमिनीतून उगवल्यासारखे वाटतात. वर टोकदार शिखरं काढून मोकळं होणारी चित्रं मी पुष्कळ बघतो. ती हिमालयाची असू शकतील, आपल्या सातमाळा डोंगररांगेची नव्हेत.

आता खरा मुद्दा, उजेडाचा. जागा शोधताना बहुतेक जण फक्त ठिकाण बघतात. मी आधी दिशा बघतो. अंजनेरीचं उदाहरण घ्या. त्र्यंबक रस्त्यावरून जाताना अंजनेरी तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला येतो. रस्त्यावरून तुम्हाला त्याची उत्तरेची बाजू दिसते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ही बाजू जवळजवळ सगळा वेळ सावलीत. तिथं डिसेंबरात उन्हातला सोनेरी कडा शोधत बसलात तर तो मिळायचा नाही. मिळेल तो जांभळट निळा, एकसंध आकार, ज्याच्या पुढे उन्हातलं गवत झगझगीत दिसतं. हे समजून बसलात तर तीच जागा फार चांगली आहे. उलट वणी-दिंडोरीच्या बाजूनं सातमाळा रांगेच्या दक्षिणेच्या बाजू दिसतात. हिवाळ्यात तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत कड्यांवर ऊन खेळत असतं आणि प्रत्येक घळीत सावली असते. एकाच महिन्यात, तासाभराच्या अंतरावर, दोन अगदी वेगळे विषय.

गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्याचंही तसंच. सावरगाव, गंगावऱ्हे या बाजूंनी त्र्यंबकची रांग पश्चिमेला येते. संध्याकाळी सूर्य तिच्यामागे जातो, डोंगर नुसते छायेचे होतात आणि पाणी चमकतं. गर्दीही त्याच वेळेला असते. पण सकाळी लवकर गेलात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो, डोंगरांचे थर मोजता येतात, पाणी शांत असतं आणि काठावर म्हशी आलेल्या असतात. मला विचाराल तर संध्याकाळचं सूर्यास्ताचं चित्र टाळाच. ते पंधरा-वीस मिनिटांत संपतं आणि नवशिक्याच्या हातून हमखास कॅलेंडर होतं. धरणाच्या भिंतीकडे मात्र जाऊ नका, तो बंदीचा भाग आहे. मागच्या पाण्याचा काठ पुरेसा मोठा आहे.

वेळेचा हिशेब ऋतूनं बदलतो. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. सावल्या पायाखाली जातात, सगळं पांढरट होतं. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर बसणं म्हणजे कागद वाया घालवणं. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशांवरच असतो. सावली लांब राहते, म्हणून हिवाळ्यात अकरा वाजताही आरामात काम करता येतं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. दीड तासात सावल्यांचा नकाशाच बदलतो. तेव्हा बसल्या बसल्या आधी सावल्यांचे आकार पेन्सिलनं पक्के करा आणि नंतर त्या कितीही हलल्या तरी त्यांच्या मागे धावू नका.

आता गोदाघाट. तुमच्या यादीत तो नाही याचं मला आश्चर्य वाटलं. कदाचित तो निसर्ग वाटत नसेल. पण पाणी, दगड, आकाश आणि माणसं इतक्या जवळजवळ दुसरीकडे मिळणार नाहीत आणि घरून पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या जागेला मी नेहमी जास्त मार्क देतो. पश्चिमेकडून येणारी गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. म्हणून एका काठाला पूर्वेकडे पंचवटी, दुसऱ्याला पश्चिमेकडे जुनं नाशिक. चित्रकाराला याचा मोठा फायदा आहे. सकाळी जुन्या नाशिकच्या काठावर बसून पंचवटीकडे बघितलंत तर ऊन समोरून येतं, नारोशंकर मंदिराचं शिखर, देवळं, झाडं सगळी गडद आकार होतात, पाणी पांढरं होतं आणि घाटावरच्या धुरानं व धुक्यानं मागचं सगळं विरत जातं. त्याच वेळी पलीकडे जाऊन पंचवटीच्या काठावरून बघितलंत तर जुन्या नाशिकचा चढ, घरांच्या भिंती, सुंदरनारायणाचं देऊळ हे सगळं लख्ख उन्हात, कारण सूर्य तुमच्या पाठीशी. दुपारनंतर नेमकं उलट. सुंदरनारायण पूर्वाभिमुख आहे, म्हणजे त्याचा दर्शनी भाग सकाळीच करायचा, दुपारी त्याच्यापाशी जाऊन हिरमुसू नका.

घाटावर सुरुवातीला सगळं घ्यायचा मोह होतो. देवळं, पूल, होड्या, भाविक, कबुतरं, दुतोंड्या मारुती. एक कोपरा घ्या. पायऱ्या आणि त्यांवर पडलेली एका शिखराची सावली, एवढ्यावर पूर्ण पान होतं. बुधवारी गाडगे महाराज पुलाच्या परिसरात आठवडेबाजार भरतो, तेव्हा रंगीत ताडपत्र्या आणि छत्र्यांमुळे काळ्या दगडाला उठाव येतो. तुमची सुट्टी रविवारची असली तरी एखादा बुधवार काढाच. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची जलरंगातली घाटाची चित्रं कुठे बघायला मिळाली तर त्यांत माणसं किती थोडक्यात आहेत ते बघा. दोन-तीन फटकारे, बस्स. माणसांचे चेहरे काढायला गेलात की घाट हातचा जातो.

एक इशारा. 2027 च्या सिंहस्थामुळे घाटावर कामं चालू आहेत. तुम्ही ठरवलेली जागा अचानक पत्र्यांनी अडवलेली असेल. उन्हाळ्यात पाणवेली वाढल्या की पाणी हिरवं सपाट मैदान दिसतं आणि प्रतिबिंब मिळत नाही. धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते. पावसाळ्यात पूर कधी चढेल याचा भरवसा नाही, तेव्हा सामान खालच्या पायऱ्यांवर मांडू नका.

देवळाचा दगड रंगवताना तयार काळा वापरू नका, तो कागदाला भोक पडल्यासारखा दिसतो. काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरातला, असं इथं सांगतात. तो उन्हात तपकिरी राखाडी असतो, सावलीत निळसर आणि पावसात भिजला की खरोखर काळाभोर. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्या दोन रंगांत या तिन्ही छटा बसतात, फक्त पाण्याचं आणि एकमेकांचं प्रमाण बदलायचं. डोंगराच्या कातळालाही हीच जोडी चालते.

पावसाळ्यातल्या हिरव्याबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे, कारण इगतपुरी, भावली, घाटनदेवी ही नावं तुम्हाला प्रत्येकजण सुचवणार. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या जवळपास, आणि पूर्वेला येवला-मनमाडकडे त्याहूनही कमी. एका जिल्ह्यात इतके वेगळे रंग असताना सगळे धावतात मात्र हिरव्याकडे. आषाढ-श्रावणात पश्चिमेला सगळंच एका पट्टीत हिरवं असतं. डोळ्यांना सुखावणारं, रंगवायला कठीण. त्यातून वाचायचं तर हिरव्यात हिरवं नसलेलं शोधा: भातखाचरातलं आकाश दाखवणारं पाणी, आवणी (भातलावणी) करणाऱ्या बायकांची इरली-प्लास्टिकं, कौलं, ओल्या रस्त्याची लाल माती, कड्यावरून अर्धा उतरलेला ढग. ट्यूबमधला तयार हिरवा पॅलेटवर घेऊच नका. पिवळा आणि निळा मिसळून त्यात किंचित बर्न्ट सिएना टाकलात की आपल्याकडचा हिरवा जवळ येतो.

माझी आवड विचाराल तर ती पूर्वेकडची. निफाड, चांदवड, मनमाड. अंकाई-टंकाईची जोडी आणि शेजारी अंगठ्यासारखी उभी हडबीची शेंडी, पुढे मोकळं माळरान. आकार इतके स्पष्ट की गडद, मधला, उजळ अशा तीन टोनमध्ये चित्र उभं राहतं. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेचा संगम आहे. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. लोक पक्षी बघायला येतात, मी आडव्या रेघा बघायला जातो. पाणी, गवत, पलीकडचा काठ, धुकं. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिथं ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकायचं नाव घेत नाही, तेव्हा धुकं रंगवायचंच असेल तर तो न सुकणारा वॉश कामी आणा. त्याच भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे फुलतात. पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं शेत, बांधावर बाभूळ, मागे कांद्याची चाळ. पर्यटनाच्या कुठल्याही यादीत हे सापडणार नाही.

द्राक्षबागा मला फारशा भावत नाहीत. पानोळा पूर्ण असताना तो नुसता हिरवा मांडव असतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर किंवा एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जा, तेव्हा वेलींची खोडं, तारा आणि खांब उघडे पडतात आणि लांबपर्यंत आत जाणाऱ्या रेघा मिळतात. मालकाला विचारल्याशिवाय बागेत शिरायचं नाही आणि फवारणी चालू असेल तर अजिबात थांबायचं नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे कुडाच्या भिंतींची घरं, नागलीचे उतार, एप्रिल-मेमध्ये राब (पेरणीआधी शेतात जाळायचा पालापाचोळा) भाजल्यानंतरच्या काळ्या पट्ट्या असं फार वेगळं काही मिळतं, तिकडे एकदा मुक्कामानं जा. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा. सोमेश्वरच्या धबधब्याला पावसाळ्यात गर्दीत जाण्यापेक्षा मार्चमध्ये जा, उघडे पडलेले खडक अभ्यासायला त्याहून जवळची जागा नाही.

वर्षातला सगळ्यात चांगला काळ माझ्या मते परतीचा पाऊस संपल्यापासून दिवाळीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंतचा. हवा धुतलेली असते, गवत पिवळं पडू लागलेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं आणि लांबचे डोंगरही स्वच्छ दिसतात. मेमध्ये धुरळ्यानं लांबचं सगळं पुसलं जातं, पण मृगाच्या आधी दुपारी जे ढग चढतात ते बघण्यासारखे असतात. नुसत्या ढगांसाठी त्या दिवसांत बसावं, गच्चीवरूनही चालतं.

सामानाचं थोडक्यात. मेच्या कोरड्या हवेत वॉश ब्रश उचलायच्या आत सुकतो, म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डवर चिकटवा आणि लहान आकारात काम करा. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर असला तर ओल जास्त टिकते. पावसाळ्यात उलट, कागद सुकत नाही. तेव्हा पेस्टल किंवा कोळसा न्या, किंवा जलरंगाचं फक्त पहिलं अस्तर तिथं द्या. कागदावर थेट ऊन पडू देऊ नका, पांढऱ्यावर डोळे दिपून टोन चुकतात. रंगीत छत्रीही नको, तिचा रंग कागदावर उतरतो.

आणि जागा शोधायला जाल त्या दिवशी चित्र करायचंच नाही. छोटी वही, पेन्सिल, मोबाईलमधलं होकायंत्र. बसच्या तिकिटाएवढी स्केचेस करा, गडद, मधला आणि उजळ असे तीनच टोन. खाली दिशा, वेळ, महिना लिहा. बसायला सावली आहे का, गाडी कुठे लावता येईल, जवळपास स्वच्छतागृह आहे का, हेही लिहा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, तीन तास बसायचं असतं. अशी वही वर्षभर भरलीत की ऑक्टोबरमधल्या रविवारी सकाळी आठला कुठे जायचं याचं उत्तर तुमच्याच हातात असेल. प्रेरणेचं म्हणाल तर मला नवी जागा पहिल्या भेटीत फार काही देत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला गेलं की कुठलं झाड आड येतं, ऊन भिंतीवर कधी उतरतं हे माहीत असतं आणि मग हात मोकळा चालतो.

एकटीनं जाणार असाल तर घाट आणि रस्त्यालगतच्या गावांपलीकडे सोबत घेऊनच जा. घाटावर रविवारी सकाळी रंगवणारे कुणी ना कुणी भेटतात, ओळख काढा. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, निफाड-सिन्नरकडे उजाडायच्या आत शेताच्या कडेला एकटं बसू नका. कड्यांखाली बसायच्या आधी वर मान करून आग्यामोहोळ आहे का ते बघा, अत्तर-सेंट लावून जाऊ नका. त्र्यंबकच्या बाजूचे ओढे वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही फुगतात, म्हणून पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात सामान मांडायचंच नाही. बांधावर बसायच्या आधी शेतकऱ्याला हाक मारून विचारा. बहुतेक वेळा तो हो म्हणतो, बसायला बाज आणून देतो आणि मग अर्धा तास मागे उभा राहून आमची विहीर का नाही काढली असं विचारतो. विचारलं तर काढून टाका, तिथं पुढचा थर हवाच असतो.